नवा संगणक का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ‘उद्यमनगरातल्या कारखान्यातल्या त्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर असला विचित्र डेस्कटॉप कशाला? लिनक्स टाक की!’ तो संगणक वायरकट मशीनला (बारीक तारेनं, विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या) जोडलाय. त्याच्या कंट्रोलर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, एक्सपीच्या पुढे आलाच नाही. कार्ड बदलायचं तर अख्खा कंट्रोलर बदला, आणि ते मामांना, म्हणजे मालकांना, तुम्हीच सांगा. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, सुरक्षेचे अपडेट बंद झाले, ठाऊक आहे. नेटची वायर म्हणूनच काढलीय. पेनड्राइव्हचं काय, ते विचारू नका.

राहिला तो विचित्र डेस्कटॉप, बीबीलीन. विंडोजची सेटिंग्ज जिथं साठतात त्या रजिस्ट्रीत विनलॉगऑनखाली ‘शेल’ अशी नोंद असते, लॉगिन केल्यावर पडद्यावर कुठला प्रोग्रॅम दिसावा याची. तिथलं विंडोजचं नेहमीचं एक्सप्लोरर काढून बीबीलीनचं नाव घातलं की स्टार्ट बटण, आयकॉन, सगळं जातं. रिकामा पडदा उरतो, राइट क्लिकला मेन्यू उघडतो. २५६ एमबी रॅमवर मशीन हलकं होतं, असं मी तेव्हा सांगत फिरायचो. होतंही थोडंफार. पण खरं म्हणजे मला मजा येत होती. सोर्स उघडा, मेन्यू साध्या टेक्स्ट फाइलीत, हवा तसा लिहा.

सुट्टीच्या दिवशी बसवलं आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिस्त्रींनी संगणक लावला. वायर तुटायच्या बेतात आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. समोर काहीच नाही. त्यांना वाटलं, आपल्याच हातून बिघडलं. तीनदा बंद-चालू केलं. कुणाला बोलले नाहीत. आधीची डाय (साचा) अर्धी कापलेली, गिऱ्हाईक दारात. मी अकराला पोचलो तर ते स्टुलावरून उठून उभे राहिले. माझ्या वडिलांच्या वयाचे. ‘दादा, माझ्याकडनं कायतरी दाबलं गेलंय बघा. मालकांस्नी सांगा, पगारातनं कापा म्हणून.’

मी राइट क्लिक केलं. मेन्यू उघडला.

‘असं व्हय,’ एवढंच म्हणाले. दिवसभर संगणकाला हात लावला नाही, पोराकडून जॉब लावून घेतले.

मग काढून टाक ना, म्हणाल. त्यांच्या लॉगिनवरचं काढलं. प्रत्येकाला वेगळा शेल ठेवता येतो. माझ्या लॉगिनवर अजून आहे. का, याला धड उत्तर नाही. घरच्या विंडोज १० वर तर मी ओपन-शेल टाकलंय, कशासाठी, तर जुना स्टार्ट मेन्यू परत हवा म्हणून! सवय मोडली की मलाही राग येतो, हे तेव्हा कुठं गेलं होतं?

मिस्त्रींना राइट क्लिक दोनदा दाखवलंय. तरी माझं लॉगिन चालू राहिलेलं दिसलं की ते माउसला हात न लावता मी येईपर्यंत बाहेर थांबतात.