आमची वाटचाल : बेलापूरची घरं दाखवण्याचा व्यवसाय

पावसाळा सोडला तर दर रविवारी सकाळी सात वाजता सीबीडी बेलापूर स्टेशनबाहेरून आमचा आर्किटेक्चर वॉक निघतो. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेज या घरांच्या वसाहतीत तो रेंगाळतो आणि उन्हं चढायच्या आत संपतो. व्यवसाय म्हणाल तर एवढाच. तो मी आणि वहिनी मिळून चालवतो. बोलण्याचं काम माझं. हिशेब, बुकिंग आणि रहिवाशांशी संबंध त्या सांभाळतात.

याआधी मी सोसायट्यांच्या दुरुस्तीचे नकाशे काढायचो. त्या कामामुळे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची घरं आतून बघायला मिळाली. एकाच नकाशावर बांधलेली घरं वीस-तीस वर्षांत किती वेगवेगळी होतात हे पाहिलं, आणि हे लोकांना दाखवलंच पाहिजे असं वाटू लागलं.

वॉकची सुरुवात आम्ही जमिनीपासून करतो. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं, तिथल्या आगरी-कोळ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, १९८४ च्या जानेवारीत त्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले आणि त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली, हे सांगितल्याशिवाय आम्ही एकाही घरासमोर थांबत नाही.

मग आर्टिस्ट व्हिलेज. कोरियांनी ते ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलं. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि तीही बैठ्या किंवा एकमजली घरांत. सात घरांमध्ये एक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन गट एकत्र आले की २१ घरं आणि त्यांचं बारा मीटरचं मोठं अंगण. पाहुण्यांतल्या मुलांच्या हातात आम्ही टेप देतो आणि अंगण मोजायला लावतो. एक मूल या पायरीशी, दुसरं समोरच्या तुळशीपाशी. मोजून झालं की मोठी माणसंही त्या अंगणाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही भिंतींवर घालवतो. इथे दोन घरांची भिंत सामायिक नाही. शेजाऱ्याला न विचारता ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं म्हणून. संडास मात्र जोडीजोडीनं, म्हणजे नळ आणि सांडपाण्याचा खर्च वाचतो. आज बरीच घरं पाडून मोठी बांधलेली दिसतात. आर्किटेक्चरचे विद्यार्थी ती बघून हळहळतात. मला ते पटत नाही. कौलं जाऊन स्लॅब आला, वर मुलासुनेची खोली चढली, तर आराखड्यानं दिलेली मुभाच माणसांनी वापरली. वाईट वाटतं ते अंगणात गाड्या उभ्या राहतात तेव्हा, कारण अंगण कुणा एकाचं नाही.

राहत्या घरांमधून माणसं न्यायची तर रहिवाशांचा विश्वास हवा. तो वहिनींनी मिळवला. दारात उभं राहून त्यांनी घरोघरी विचारलं, नको म्हणणाऱ्यांची गल्ली वगळली. माइक वापरायचा नाही, उघड्या दारातून फोटो काढायचे नाहीत, पंधराच्या वर माणसं न्यायची नाहीत. नाश्त्याचे पोहे तिथल्याच एका काकूंकडून येतात. इथेच लहानाचा मोठा झालेला एक मुलगा आता गाइड आहे, आणि कोणती खोली कुणाच्या लग्नाच्या वेळी वाढवली हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो.

रविवारच्या तिकिटांवर घर चालत नाही. आधार आहे तो हिवाळ्यात येणाऱ्या कॉलेजांच्या तुकड्यांचा. एका संस्थेनं पैसे इतके रखडवले की गाइडचं मानधन आम्हाला पदरचं द्यावं लागलं. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतो.

यंदा वाशीचा वॉक सुरू करतोय. तिथल्या सिडकोच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. ज्या सोसायट्यांनी होकार दिला, तिथले जिने, गच्च्या आणि स्वयंपाकघरं मोजून त्यांची रेखाटनं करायला आम्ही घेतली आहेत. तुमचं बालपण तिथे गेलं असेल आणि घराचे जुने फोटो जपले असतील, तर ते घेऊन या.