पेल्यातलं पाणी लाल कसं?

आषाढातल्या एका सकाळी जुन्या फ्रेममधलं एक इंग्रजी व्यंगचित्र दुरुस्तीसाठी टेबलावर आलं. काचेच्या आत बुरशीचे ठिपके, खालच्या कडेला कसरीने कुरतडलेलं. साफ करून नवं माउंट घालून द्यायचं, एवढंच काम. फ्रेममागे विक्रेत्याची जुनी चिठ्ठी होती: ‘मूळ प्रत, १७९२, रंग त्याच काळातले’.

चित्र लंडनचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचं, त्याच्या उत्तम कामांपैकी एक. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा थोरला मुलगा, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, जेवून खुर्चीत रेललाय आणि काट्याने दात कोरतोय. वय अवघं २९, पण पोट इतकं सुटलेलं की जाकिटाच्या एकाच बटणावर सगळा भार आलाय. खुर्चीखाली रिकाम्या बाटल्या. मागे काठोकाठ भरलेलं शौचपात्र आणि त्याखाली दाबून ठेवलेली, न भागवलेली बिलं. जुगाराचे फासे, मूळव्याधीवरचं औषध, तोंडाच्या दुर्गंधीवरचे थेंब. खिडकीतून दिसतो त्याचा कार्लटन हाउस, अजून बांधकाम चालूच. पार्लमेंटने १७८७ मध्ये या युवराजाचं १,६१,००० पौंडांचं कर्ज फेडलं होतं, वर या वाड्यासाठी ६०,००० पौंड दिले होते. पाच वर्षांत बिलं पुन्हा साचली. लंडनच्या गिऱ्हाइकाला त्या शौचपात्राचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२ जुलै १७९२ ला हे चित्र हॅना हम्फ्रीच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या दुकानातून विक्रीला आलं. २८ जुलैला त्याचं जोडचित्र आलं: ठिगळाच्या विजारीतला राजा उकडलेलं अंडं खातोय, राणी सॅलड, आणि शेकोटीत विस्तवाचा पत्ता नाही. बाप चिकट, मुलगा उधळ्या. ही दोन चित्रं नेहमी शेजारी ठेवून बघावीत, एकट्यादुकट्याने त्यांची धार अर्धी होते.

युवराजामागच्या भिंतीवर लुइजी कोर्नारोची तसबीर आहे. हा १६व्या शतकातला व्हेनिसचा गृहस्थ. मिताहाराने आयुष्य वाढतं असं लिहिणारा आणि तसं जगून दाखवणारा. गिलरेने त्याला पाणी पिताना दाखवलंय. आमच्यासमोरच्या प्रतीत मात्र त्या पेल्यातलं पाणी लालभडक होतं.

मला खटकलं ते इथे. हम्फ्रीच्या दुकानासाठी छापलेल्या चित्रांत हाताने रंग भरणाऱ्यांपुढे रंगवलेला नमुना असायचा. घाईत त्यांचा रंग रेषेबाहेर जातो, एखादा कोपरा राहून जातो, पण पाण्याची दारू होत नाही. ज्याने हा पेला रंगवला त्याला कोर्नारो कोण ते माहीत नव्हतं, आणि चित्रातला मुख्य टोलाच त्याने पुसून टाकला होता.

मग सगळं पहिल्यापासून तपासलं. खालच्या कडेला हम्फ्रीचं नाव, पत्ता आणि १७९२ ची तारीख स्पष्ट होती. नवखे इथेच फसतात. १७३५ पासून लागू झालेल्या कायद्याने चित्र कोरणाऱ्याला १४ वर्षांचा हक्क मिळाला, त्यासाठी नाव आणि तारीख प्लेटवरच, म्हणजे ज्या तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापतात त्यावरच, कोरावी लागे. म्हणजे ती ओळ तांब्यात आहे. प्लेट शंभर वर्षांनी छापली तरी १७९२ च उमटणार. ती तारीख प्लेटची असते, कागदाची नव्हे.

दहापट भिंगाखाली गाल आणि हनुवटी बघितली. या चित्रातली कातडी बारीक ठिपक्यांनी घडवलेली आहे. ठिपके उथळ असतात. दर छापाला शाई पुसताना तांबं थोडं थोडं झिजतं, आणि आधी जातात ते हेच. इथे गालावर ठिपक्यांऐवजी फिकट चट्टा होता, त्यावर गुलाबी रंगाचा जाड थर देऊन गोलाई आणलेली. खोली अंधारी करून अतिनील दिवा धरला, तर जाकिटावरचा पांढरा रंग पिवळसर चमकला. ही जस्ताच्या पांढऱ्याची खूण. जलरंगात तो १८३४ मध्ये बाजारात आला. गिलरेच्या काळात पांढऱ्यासाठी सहसा कोरा कागदच सोडत. शेवटी दिवा टेबलालगत आडवा धरला. वरच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसले. तिथलं काहीतरी पात्याने खरवडून काढलं होतं.

काय असावं याचा अंदाज आला होता, पण पुरावा पाठीला होता आणि पाठ सरसाने पुठ्ठ्यावर चिकटवलेली. अशा वेळी पुठ्ठा चित्रावरून सोडवायचा, चित्र पुठ्ठ्यावरून ओढायचं नाही. ओढलं की छापाच्या जागी कागद मोडतो आणि ती घडी कायमची राहते. बुरशी आधी मऊ ब्रशने कोरडीच काढली. ओल लागल्यावर ती कागदात मुरते. रंगांची चाचणी थेंबाथेंबाने घेतली: निळा टिकला, लाल लगेच टीपकागदावर उतरला. म्हणजे चित्र पाण्यात बुडवून धुणं बाद, आणि पिवळे डाग आहेत तसे राहणार.

चित्र टीपकागदावर पालथं ठेवून पुठ्ठा पातळ सुरीने थराथराने सोलला. शेवटचा पापुद्रा आणि सरस यांच्यावर मिथाइल सेल्युलोजचं ५ टक्क्यांचं जेल, तेही मध्ये पातळ जपानी कागद घालून, एका वेळी चार बोटं जागेवर, दहा मिनिटं. पावसाळी हवेत कागद आधीच ओलसर, त्यामुळे पाचव्या मिनिटापासूनच डोकवावं लागलं. जास्त वेळ राहिलं तर ओल पुढच्या लाल रंगापर्यंत जाते, आणि कडेला तपकिरी रेघ उमटते. मऊ झालेला सरस हाडाच्या पट्टीने निघत गेला.

दुसऱ्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसल्या. चौथ्यात एक टोपी, मग अक्षरं. पाठीवर गिलरेचंच दुसरं व्यंगचित्र पुरं छापलेलं होतं. तेलाची शाई असल्याने जेलने तिला धक्का लागला नाही.

मग शंका उरली नाही. हम्फ्रीच्या पश्चात गिलरेच्या प्लेटी हात बदलत हेन्री बोन या प्रकाशकाकडे गेल्या. १९व्या शतकाच्या मध्यात त्याने त्या जाड, गुळगुळीत कागदावर पाठपोट छापून मोठे ग्रंथ काढले. त्यासाठी प्रत्येक प्लेटवर कोपऱ्यात आकडा टाकला. १७९२ चा छाप एकपाठी असतो आणि त्यावर आकडा नसतो. आकडा खरवडला, पाठ पुठ्ठ्याखाली लपवली, रंग भरला की बोनचं पान युवराजाच्या काळातलं म्हणून विकता येतं. सुटा कागद प्रकाशावर धरला तेव्हा खरवडलेली जागा खिडकीसारखी उजळली.

तरी हे पान टाकाऊ नाही, हे मालकांना फोनवर आवर्जून सांगितलं. तांबं गिलरेने स्वतः कोरलेलंच आहे. युवराज अशी चित्रं स्वतःही विकत घेत असे, आणि १८२० मध्ये राजा झाल्यावर ती बंद पाडायला पैसेही मोजत असे. त्याची अब्रू टांगणारी ही प्लेट त्यानंतरही शाबूत राहिली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

लाल पेला तसाच ठेवला. तो रंग काढायला गेलं तर तो आजूबाजूला पसरेल, आणि नंतरची लबाडी हाही आता या पानाचा इतिहास आहे. कुरतडलेली कड जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधली. माउंटला पुढून-मागून दोन खिडक्या कापल्या, म्हणजे पाठही बघता येईल. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका, उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको, असं लिहून दिलं. जुनी चिठ्ठी पाकिटात घालून सोबत ठेवली आणि नवी लिहिली: ‘प्लेट गिलरे, १७९२. छाप बोन, १९व्या शतकाचा मध्य. रंग त्यानंतरचे. कोपऱ्यातला आकडा खरवडलेला. पाठ पाहावी.’