आधी बोलणी, मग बॉलिंग

गेल्या महिन्यात टीममधला एकजण शुक्रवारी दुपारी राजीनामा देऊन मोकळा झाला आणि सोमवारी त्याची ऑन-कॉल ड्युटी माझ्या गळ्यात पडली. मॅनेजरने विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, ‘नो प्रॉब्लेम.’ आता रात्री तीनला फोन वाजला की बायको कूस बदलते आणि झोपेतच ‘नो प्रॉब्लेम’ म्हणते.

ही रड शेजारच्या आजोबांना ऐकवली. ते बेसबॉलवेडे. रविवारी मला गाडीत घालून थेट एव्हरग्रीन स्मशानभूमीत घेऊन गेले. आमचं ब्लूमिंग्टन म्हणजे इलिनॉयच्या मक्यात वसलेलं, विम्यावर जगणारं गाव. इथे बघायला काय आहे म्हणून मी कायम नाक मुरडत आलोय. तर इथे चार्ल्स रॅडबर्न पुरलाय, बेसबॉलचा जुना पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. ‘ओल्ड हॉस’ म्हणायचे त्याला, म्हातारा घोडा. आपण घाण्याचा बैल म्हटलं असतं.

खाटकाचा मुलगा. जन्म १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा. वाढला मात्र इथे. १८८० मध्ये बफेलोकडून खेळताना खांदा गेला, तेव्हा मुकाट घरी परतला. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाने घेतलं.

१८८४ चा उन्हाळा. संघात मुख्य पिचर दोनच, हा आणि चार्ली स्वीनी. स्वीनी तरुण, वेगवान. जूनमध्ये त्याने बोस्टनचे एकोणीस जण स्ट्राइकआउट केलेले, म्हणजे बॅटला बॉल लागू न देता बाद. दोघांचं पटत नव्हतं. जुलैत रॅडबर्नचं डोकं फिरलं, क्लबने त्याला निलंबित केलं. आणि थोड्याच दिवसांत स्वीनी दारू पिऊन मैदानात उतरला, मॅनेजरचं ऐकेना, आणि भर सामन्यातून निघून गेला. क्लबने त्याला हाकललं. आता पिचरच उरला नाही! संघ बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या.

इथे मी आजोबांना थांबवून पुन्हा सांगायला लावलं. रॅडबर्न ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला नाही. उरलेले सामने टाकतो म्हणाला, पण जादा पैसे द्या, आणि सीझन संपल्यावर मला मोकळं करा. तेव्हा ‘रिझर्व्ह’चा नियम होता: करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच दावणीला, त्यांनी सोडल्याशिवाय दुसरीकडे जायची सोय नाही. एच-वन-बी व्हिसावर नोकरीला बांधलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

क्लबने मान्य केलं आणि हा जवळपास रोज बॉल टाकत सुटला. त्या सीझनमध्ये त्र्याहत्तर सामन्यांची सुरुवात याने केली आणि त्र्याहत्तरही शेवटपर्यंत टाकले. ६७८ इनिंग आणि वर दोन आउट; एका इनिंगला तीन आउट, म्हणजे हिशेब करा, २,०३६ आउट! ४४१ स्ट्राइकआउट. विजय ५९ की ६०, यावर मंडळी अजून भांडतात. सकाळी केस विंचरायलाही हात वर जायचा नाही म्हणतात. आपल्याकडे बुमराला तीन टेस्टनंतर विश्रांती देतात. प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सना तीन सामन्यांत धुतलं, तिन्ही यानेच टाकले.

थडग्याच्या मागच्या बाजूला १९४१ साली बसवलेली पाटी आहे. खाली गवतात कुणीतरी ठेवलेला बॉल होता, पावसाने फुगलेला, लाल टाके उसवत आलेले. आजोबांनी तो शर्टाला पुसला आणि टाके वर येतील असा परत ठेवला.

मग मला राहवेना. म्हटलं, आमच्या पुण्यात बाळू पालवणकर होता. साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर पिच राखायचा, नेटमध्ये गोऱ्यांना तासन्तास बॉल टाकायचा. दलित म्हणून बॅट हातात देत नसत, आणि पुढे स्वतःच्या हिंदू संघातही त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. तरी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर विकेट काढल्या. कसल्या अटी घालणार तो? आजोबांनी विचारलं, त्याचं स्मारक कुठंय? मी अकरा वर्षं पुण्यात काढली, पण हे नाव मला अमेरिकेत आल्यावर इंटरनेटवर सापडलं. पण रॅडबर्न तरी इथल्या किती जणांना माहीत असेल? आजोबांना आहे, त्याला मी काय करू.

रॅडबर्न बेचाळिसाव्या वर्षीच गेला, १८९७ मध्ये. शेवटी इथेच दारूचा गुत्ता आणि बिलियर्डचा अड्डा चालवायचा. शिकारीत बंदूक उडून एक डोळा गेला, नंतर माणसांत यायचंच टाळायचा.

घरी येऊन बायकोला सगळी गोष्ट सांगितली. सगळ्यात महत्त्वाचं शेवटी: एवढं भांडून सुटका मिळवली, आणि १८८५ मध्ये पठ्ठ्या पुन्हा प्रॉव्हिडन्सकडूनच खेळला! म्हणजे बघ, राहायचं तिथेच राहतो माणूस, अटी घालून काय उपयोग.

‘कितीवर राहिला?’ तिने विचारलं.

मी फोन चार्जिंगला लावला. याही आठवड्याची ड्युटी माझीच आहे.