चवथीच्या व्हिडिओवर क्लेम आला तर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि तासाभरात कॉपीराइट क्लेम, म्हणजे 'यातलं गाणं आमचं' असा कुणाचा दावा, आला, की गोव्यातले बरेच चॅनेलवाले घाबरून व्हिडिओच उडवतात. उगाच. क्लेम वेगळा, स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याची चॅनेलवरची ताकीद) वेगळी. यूट्यूबवर क्लेम आला की बहुधा त्या एका व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे वळतात; 90 दिवसांत तीन स्ट्राइक बसल्या तर मात्र चॅनेलच जातं.

आधी यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) क्लेमचा तपशील उघडा: कुठलं गाणं, कितव्या सेकंदापासून, ध्वनिमुद्रण जुळलंय की नुसती चाल. पारंपरिक आरतीच्या शब्दांवर कोणाचीच मालकी नाही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणावर असते, आणि आपल्या कायद्याप्रमाणे ती प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकते. घुमट, शामेळ, कांसाळें घरच्यांनीच वाजवलं, गायलंही त्यांनीच, तरी यूट्यूबची यंत्रणा चाल जुळवून क्लेम लावू शकते. अशा वेळी डिस्प्यूट करावा, म्हणजे क्लेमवर हरकत घ्यावी, तोही पाच दिवसांच्या आत. म्हणजे पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. त्याने नकार दिला तर अपील आहे, पण तिथे दावेदार व्हिडिओ उतरवायची नोटीस देऊ शकतो आणि मग स्ट्राइक बसते. बाजू पक्की असेल तरच पुढे जा.

मागे शेजारच्या मंडपातला स्पीकर वाजत असेल, तर भांडण्यात अर्थ नाही. तेवढा तुकडा कापा. नुसतं गाणं पुसायची सोयही आहे, पण वर घुमट चालू असेल तर त्याचाही आवाज चिरकतो. सर्वांत बरं म्हणजे व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून यूट्यूबची कॉपीराइट तपासणी पूर्ण होऊ द्यावी. 'क्रेडिट मूळ मालकाला' लिहून काहीच साधत नाही.

जत्रेतल्या संगीत नाटकाचं गणित आणखी वेगळं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल 1916 साली गेले, त्यामुळे त्यांच्या संहिता केव्हाच मोकळ्या झाल्या. पण रंगमंचावरच्या नटांचा, गायकांचा स्वतःचा हक्क असतो, 50 वर्षांचा. नाटक मंडळाकडून 'यूट्यूबवर जाहिरातींसह प्रसारणास संमती' असं कागदावर घ्या. 'टाक रे, कोण बघतोय' ही संमती नव्हे. लेखक हयात असेल तर त्याचीही परवानगी लागते.

जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात प्रेक्षकांनी पाहिलेले 4000 तास लागतात. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्यात धरत नाहीत. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले 55 टक्के चॅनेलला, शॉर्ट्सचे 45. मधल्या जाहिराती आठ मिनिटांपासून पुढच्या व्हिडिओंनाच लागतात, म्हणून आरत्या एकेक न टाकता सलग टाकलेल्या बऱ्या. दुसऱ्यांच्या शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या उत्सवाच्या) क्लिपा जोडून केलेलं चॅनेल मात्र, एकही क्लेम नसला तरी, 'रियुज्ड कंटेंट' (दुसऱ्यांचंच पुन्हा वापरलेलं) म्हणून जाहिरातींसाठी नाकारलं जातं.

अॅडसेन्समध्ये (जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या खात्यात) 10 डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. घर क्रमांक, वाडा आणि पोस्ट ऑफिस नीट लिहा, नाहीतर पाकीट गावभर फिरून परत जातं. कराचा फॉर्मही भरा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिकडचा कर कापतात, आणि फॉर्म नसेल तर सगळ्याच कमाईवर कात्री लागू शकते. बँकेत रक्कम यायला 100 डॉलर व्हावे लागतात.