सातव्या बॅचच्या चौतीस बाटल्या

डोंबिवलीहून फोन आला तेव्हा मी लेबलं चिकटवत बसले होते. "अहो, तुमच्या अमृतकोकमचं बूच उघडलं आणि फेस थेट भिंतीवर! वासही ताडीसारखा येतोय." यावर मी काय विचारावं? "बाटली उन्हात ठेवली होती का हो?" त्या प्रश्नाची आजही लाज वाटते, कारण खरं उत्तर मला आतून ठाऊक होतं.

२०२१ चा जून होता. १६ मेला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं आणि एका रात्रीत आमच्या परड्यात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, सडा पडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही कोकमाची जात पावसाआधी तयार होते, पण आमची झाडं आजेसासऱ्यांच्या वेळची, सावकाश पिकणारी. फळं कुजू द्यायचं जिवावर आलं. चांगली बघून वेचली, फोडली, अठरा किलो साली निघाल्या. एरवी सालीच्या दुप्पट साखर घालते. वाण्याकडे साखर संपलेली, त्यात रस्त्यावर झाडं आडवी. घरात होती ती सत्तावीस किलो घातली. बरण्यांना धड ऊनही मिळालं नाही. चव घेतली, गोड लागलं, भरल्या बाटल्या.

फोन ठेवून माळ्यावर गेले. उरलेल्या बाटल्यांतली एक उघडली तर फुस्स! शेजारच्या आंबा कॅनिंगवाल्याकडून रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला. काचेवर पाकाचा एक थेंब टाकून नळीतून उजेडाकडे बघायचं, की साखरेचं प्रमाण कळतं. सरबताच्या पाकाला किमान ६५ ब्रिक्स, म्हणजे शंभरात साधारण पासष्ट भाग साखर हवी. सहाव्या बॅचचं ६८ भरलं, सातव्याचं ५७. एवढ्या पातळ पाकात यीस्टचं आयतंच फावतं, आणि 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं लेबलावर ठसठशीत छापून घेणारी मीच!

अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर, निव्वळ वजन, बॅच नंबर हे सगळं लेबलावर घालायचं म्हणजे मला कटकट वाटायची. चार बरण्यांच्या धंद्याला कसली आली बॅच? पण वहीत लिहीत होते म्हणून चौतिसातल्या बावीस बाटल्या कुठे गेल्या ते पानावर सापडलं. नाहीतर त्या मोसमातल्या सगळ्याच गिऱ्हाइकांना फोन करावे लागले असते.

दुपारी दोनपासून फोन सुरू केले. "बाटली फुगली असेल, तोंडाजवळ धरून उघडू नका, मोरीत ओता. पैसे आजच पाठवते." लोक रागावतील म्हणून पाणी पिऊन बसले होते. रागावले दोघंच. ठाण्याच्या एका आजोबांनी बाटली कधीच संपवली होती. "जरा झिणझिण्या येत होत्या, मला वाटलं कोकणातलं अस्सल असंच असतं," म्हणाले. पैसे घ्यायलाही तयार नव्हते. एकवीस बाटल्यांचा पत्ता लागला. बाविसावी पुण्याच्या बाईंनी लग्नाच्या वाढदिवसाला कुणाला तरी भेट दिली होती, आणि कुणाला ते त्यांना आठवेना. त्यांनी तीन घरी फोन केले, तरी ती सापडली नाही.

संध्याकाळी माळ्यावरच्या बाराही बाटल्या माडाच्या मुळाशी ओतल्या. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. "मिया तुका सांगलंय, पावसातलो रातांबो साखर खाता." खरंच सांगितलं होतं. साखर संपलीय, एवढंच मी तेव्हा उलट बोलले होते.

मी रिफ्रॅक्टोमीटर त्यांच्या हातात दिला, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. बराच वेळ त्या आत बघत राहिल्या.

"माका नुसता निळा दिसता," म्हणाल्या, आणि नळी परत देऊन काचेवरचा थेंब बोटाने पुसून जिभेवर ठेवला. "आंबला हा."