गोव्याच्या टेकड्या, वरची कपेलं आणि तिथे जाणाऱ्या पायवाटा

आपल्याकडचे ट्रेकर गोव्यात आले की ट्रेकिंगचे शूज बॅगेतून बाहेरच काढत नाहीत. बीच, शॅक, फार तर दूधसागर, आणि परत. मी मूळचा कुडाळकडचा, नोकरीसाठी पणजीत राहतो, आणि सुट्टीच्या सकाळी इथल्या टेकड्या चालतो. मला मनापासून वाटतं की गोवा कळायचा असेल तर त्याच्या टेकड्यांवर पायी चढायला हवं, आणि त्यातही ज्या टेकडीच्या डोक्यावर कपेल आहे तिथे आधी. कपेल म्हणजे वाड्याचं किंवा टेकडीवरचं छोटं प्रार्थनाघर, रोज मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) नसते, बरेचदा दार बंदच असतं, समोर एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, आणि बसायला कट्टा.

उंचीचं म्हणाल तर इथे राजगड-तोरण्यासारखं काही नाही हे आधीच सांगतो. किनाऱ्याजवळच्या या टेकड्या जांभ्या दगडाच्या, अर्ध्यापाऊण तासात माथ्यावर, आणि माथा बहुतेक वेळा सपाट, ज्याला आपण कोकणात सडा म्हणतो तोच. पण सड्यावर उभं राहिलं की चारी बाजूंना नदी, खाडी, खाजन (खाडीकाठी बांध घालून केलेली) शेती, माड आणि समुद्र असं सगळं एकदम दिसतं, सह्याद्रीत अख्खा दिवस चालून जे मिळतं त्यापेक्षा हे वेगळं आहे, कमी अजिबात नाही.

सुरुवात करायची तर जुन्या गोव्यातल्या मोंतपासून करा. नोसा सेन्योरा दो मोंत, म्हणजे डोंगरावरच्या मातेचं कपेल. खाली से कॅथेड्रल आणि बॉम जेझूसला टुरिस्ट बसची रांग लागलेली असते आणि इथे वर दोन-चार माणसं. रस्ता थेट वर जातो पण मी गाडी खालीच ठेवतो, कारण चढताना दोन्ही बाजूंना जी दाट झाडी लागते ती कोणे एके काळी भरगच्च शहर होतं हे पायी चालल्याशिवाय अंगावर येत नाही. साथींनी हे शहर रिकामं केलं, अठराव्या शतकात व्हाइसरॉय पणजीच्या बाजूला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि घरांच्या जागी जंगल वाढलं. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकेर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला, त्यानंतर त्याच्याच हुकमावरून हे कपेल बांधलं असं सांगतात, म्हणजे गोव्यातल्या सगळ्यात जुन्या जागांपैकी एक. आताची इमारत मात्र नंतरच्या दुरुस्त्यांमधून आलेली. फेब्रुवारीच्या सुमारास इथे मोंत म्युझिक फेस्टिवल होतो, संध्याकाळी अंगणात कधी पियानो, कधी आपलं शास्त्रीय गायन. जमलं तर तेव्हा जा, नाही जमलं तर कुठल्याही दिवशी जा.

कपेलाच्या समोरून बघितलं की से कॅथेड्रलचा एकच मनोरा दिसतो (दुसरा १७७६ मध्ये कोसळला तो परत बांधलाच नाही), सेंट कायेतानचा घुमट, पलीकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचा उरलेला ४६ मीटर उंच सुळका, मग मांडवीचं रुंद पात्र, आणि पात्रापलीकडे दिवाडी बेट. दिवाडीच्या मध्यावर पण एक टेकडी आहे, तिच्यावर पांढरं चर्च दिसतं. माझ्या बाबतीत नेहमी असंच होतं, एका टेकडीवरून दुसरी दिसते आणि पुढच्या सुट्टीचं ठरून जातं.

तर दिवाडी. फेरीबोटीनं नदी ओलांडायची, मग खाजनातून जाणारा सरळ रस्ता, दोन्ही बाजूला पाणी, बगळे, आणि खारं पाणी आत-बाहेर करायला मानस, म्हणजे बांधातली लाकडी दारं. मग पिएदाद गाव आणि टेकडी. वरच्या चर्चचं काम आंतोनियो जुवांव द फ्रियास या गोंयकार पाद्रीच्या नावावर आहे, म्हणजे आर्किटेक्ट इथलाच, युरोपातून आलेला नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. पण इथे नुसतं चर्च बघून खाली उतरू नका. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं कपेल आहे त्याच्या आत कदंबकालीन, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी इथे राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातल्या, देवळाचं बांधकाम अजून शाबूत आहे, दगडातलं कोरीवकाम बघितलं की लगेच कळतं. या टेकडीवर आधी देऊळ होतं. याच बेटावर नार्व्याला सप्तकोटीश्वर होता, कदंबांचा देव, सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं गेलं, भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं, त्या गावालाही नार्वेच म्हणतात, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे सगळं माहीत असताना मी पिएदादच्या टेकडीवर जातो. मला राग येतो का, तर पाडापाडीबद्दल वाचताना येतो, नक्कीच येतो. पण वर कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला त्यात धरता येत नाही, ती पण याच मातीतली, तिचे पूर्वज पण इथेच खाजनात भात लावणारे, आणि टेकडीचा मान तिनेही तितकाच ठेवलाय.

आता माझी सगळ्यात आवडती. कुएलीची.

दक्षिण गोव्यात कासावलीच्या जवळ, वेळसावच्या वरच्या अंगाला ही टेकडी. वर नोसा सेन्योरा दुस रेमेदियुस, म्हणजे रोग बरे करणाऱ्या सायबिणीचं (मेरी मातेचं) कपेल, सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं. लोक याला थ्री किंग्ज चॅपल म्हणून ओळखतात आणि नेटवर शोधलंत तर पहिली दहा पानं भुतांची निघतील. तीन पोर्तुगीज राजे होते, एकानं दुसऱ्या दोघांना विष दिलं, मग स्वतः घेतलं, त्यांचे आत्मे फिरतात, रात्री जाऊ नका वगैरे वगैरे. असे तीन राजे गोव्यात कधी नव्हते हो. तीन राजे म्हणजे गास्पार, मेल्शियोर आणि बाल्ताझार, ताऱ्याच्या मागे मागे बेथलेहेमला बाळ येशूला भेटायला आलेले, आणि ६ जानेवारीला त्यांचं फेस्त, म्हणजे सण, असतं म्हणून हे नाव. ज्या ठिकाणी गावच्या बायका आजारी पोरासाठी मेणबत्ती लावायला चढून येतात त्या जागेवर रात्री कॅमेरे घेऊन किंचाळायला यायचं, हे मला अजिबात पटत नाही, गावकऱ्यांनाही पटत नाही, आणि त्यांची तक्रार रास्तच आहे.

फेस्त बघायचं असेल तर ६ जानेवारीलाच जायला हवं. कासावली, आरोशी आणि कुएली, तीन गावांतून एकेक मुलगा निवडतात, राजाचे कपडे, डोक्यावर मुकुट, आणि घोड्यावर बसून ते तिघं आपापल्या वाटेनं टेकडी चढतात. वाटा वेगवेगळ्या, वर कपेलापाशी एकत्र. सोबत गावातली माणसं, बॅंड, फटाके, पोरांचे आईबाप घामाघूम आणि कौतुकानं भरलेले. त्याआधी नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची प्रार्थना, असते आणि तेव्हा पण माणसं रोज चढतात. मी एकदा नोवेनाच्या दिवसांत चढत होतो, पुढे एक आजी हातात मेणबत्त्यांची पिशवी घेऊन, मी त्यांच्या मागून भराभरा पुढे जायला लागलो तर म्हणाल्या, "सवकास चल पुता, दोंगर खंय धांवना." मग मी त्यांच्याबरोबरच चाललो, त्या सांगत होत्या की लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी याच वाटेनं, पाय दुखतो पण गाडीनं नाही. वर त्यांनी खुरसाला हात लावला, मला पिशवीतला केक दिला, मी देव बरें करूं, म्हणजे धन्यवाद, म्हटलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीये. गोव्यात गावच्या पायवाटा झपाट्यानं बुजतायत, कारण कोणी चालत नाही, स्कूटर आहे, रस्ता आहे. गुरं कमी झाली, सरपणाला कोणी जात नाही, काजूच्या बागा मजुराविना पडून, आणि दोन पावसाळे वाट वापरली नाही की रान ती खाऊन टाकतं. ज्या टेकडीवर कपेल आहे किंवा देऊळ आहे तिथली वाट मात्र टिकते. फेस्ताच्या आधी गावातली पोरं कोयते घेऊन वाट साफ करतात, पायरी निखळली असेल तर बसवतात, म्हणून आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला चालायला मिळतं. आपण हौसेनं चालतो, पण वाट राखलीये ती श्रद्धेनं. आणि नुसती वाट नाही, टेकडी पण. गोव्यात डोंगरकापणी हा आज रोजचा विषय आहे, कुठेही बघा लाल माती उघडी पडलेली आणि जेसीबी उभा. जिथे वर गावाचं काहीतरी आहे तिथे कापायला हात घातला की गाव उठतं.

कुएलीवरून काय दिसतं ते राहिलंच. दक्षिणेला आरोशीपासून थेट मोबोरच्या दिशेनं जाणारी वाळूची न तुटणारी पट्टी, आत माडांचं हिरवं छत आणि त्यातून डोकं वर काढणारे चर्चचे पांढरे मनोरे, एकेका मनोऱ्यावरून गाव ओळखायचं. उत्तरेला दाबोळीला उतरणारी विमानं. खाली खताचा कारखाना पण दिसतो, तो फोटोतून लोक कापून टाकतात, मी नाही कापत, तो पण इथलाच आहे.

कधी जावं? सगळे म्हणतात थंडी, पण मी म्हणेन ऑगस्ट-सप्टेंबर. मे महिन्यात जो सडा काळा करपलेला असतो तोच श्रावणात फुलतो. सीतेची आसवं निळ्या-जांभळ्या चादरीसारखी पसरतात, मध्ये मध्ये गेंदाचे पांढरे गोळे, कातळाच्या फटीत तेरडा, कुंपणावर कळलावी. सीतेची आसवं कीटक खाणारी आहेत, जांभ्यावरच्या पातळ मातीत पोषण नाही म्हणून मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये पाण्यातले जीव धरतात, आणि हे सगळं दोनेक महिन्यात संपतं. म्हणून कृपा करून सड्यावर गाडी घालू नका, फुलांवर बसून रील करू नका. एप्रिल-मे मध्ये पण मजा वेगळी, उतारावर काजूच्या बोंडूंचा आंबूस वास, करवंदं, जांभळं, फक्त ऊन्हाच्या आधी खाली यायचं. आणि शूज घाला, जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं, छोटं आणि रंगानं दगडासारखंच, हात टेकायच्या आधी बघा.

सासष्टीत, म्हणजे मडगावकडच्या तालुक्यात, अजून एक जोडी मला फार आवडते. पारोड्याचा चंद्रनाथ, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, शेवटी पायऱ्या. तिथून खालचं मैदान दिसतं त्यात चांदर आहे, म्हणजे जुनं चंद्रपूर, भोजांची आणि नंतर कदंबांची राजधानी. देवाचं नाव आणि गावाचं नाव एकाच चंद्रावरून. आणि त्या चांदरात सुद्धा ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं, तिथेही आजूबाजूच्या गावांतली तीन मुलं घोड्यावर.

महाराष्ट्रातल्या मंडळींना गोवा लांब वाटत असेल तर रेवदंड्याजवळचा कोर्लई करा. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली लांबट टेकडी, माथ्यावर किल्ला, किल्ल्यात छप्पर उडालेलं पोर्तुगीज चर्च, पलीकडच्या तीरावर रेवदंडा. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. दीपगृहाकडून पायऱ्या आहेत, पटकन होतो. पण उतरल्यावर गावात थांबा. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात अजूनही पोर्तुगीजपासून तयार झालेली स्वतःची बोली बोलतात, मराठीशी मिसळलेली, तिला नोलिंग म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, वरचं चर्च पडलं आणि खालची बोली राहिली. बोलणारी माणसं आता हजाराच्या आसपास. मला तो किल्ला आवडतो पण त्याहून जास्त गावातल्या ओट्यावर कानावर पडलेली ती दोन वाक्यं आवडतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला गोव्यात असाल तर अजून एक दिसेल. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्यासाठी सावंतवाडी, बेळगाव, खानापूर, कारवार इकडून माणसं दिंड्या करून पायी जुन्या गोव्याला येतात, डोक्यावर टोपी, खांद्यावर बॅग, पुढे खुरीस धरलेला एकजण, मराठी-कोकणीत गाणी म्हणत. आपल्या वारीची सवय असलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं. त्यातली काही माणसं आदल्या संध्याकाळी मोंतवर पण चढून जातात.

कुएलीला यायचं असेल तर गाडीचीही गरज नाही. मडगाव-वास्को लाइनवर कासावली स्टेशन आहे, लोकल पॅसेंजरनं उतरायचं आणि गावातून विचारत विचारत टेकडीच्या पायथ्याला जायचं, कोणीही दाखवेल. पाणी घरून न्या, वर दुकान नाही. कपेलात मिस्सा चालू असेल तर बाहेर कट्ट्यावर बसा, टोपी काढा, फोन सायलेंट. कचरा खाली आणा, मेणबत्तीचं रिकामं खोकं दिसलं तर ते पण उचला. आणि ६ जानेवारीला येत असाल तर सकाळी लवकर, उशीर झाला तर घोडे निघून गेलेले असतात आणि मग तीनपैकी कुठल्या वाटेनं कोण गेलं ते गर्दीत कळत नाही. मी आरोशीच्या वाटेनं चढतो, तिला सावली जास्त आहे.