थारमधलं गरम पाणी: विसण जमलं

मंडळी, रविवारी पहाटे होटगीच्या पुढे मित्राच्या शेतात, थारच्या मागच्या दाराशी उभं राहून इंजिनच्या उष्णतेवर तापलेल्या पाण्यानं पाच मिनिटं अंघोळ केली आणि गरम-थंड जुळवायला एकदाही नळाला हात लावावा लागला नाही. तीन महिन्यांच्या खटपटीत हे पहिल्यांदाच झालं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी 2014 ची महिंद्रा थार सीआरडीई, म्हणजे डिझेल. इंजिनचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, 85-90 अंशांवर फिरतं आणि त्याचा एक फाटा केबिनच्या हीटरकडे जातो. त्या पाइपवर 20 पट्ट्यांचा स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर बसवलाय. एका अंगानं कूलंट वाहतं, दुसऱ्या अंगानं उलट दिशेनं टाकीतलं पाणी. दोन्ही मिसळत नाहीत, मधल्या पत्र्यातून नुसती उष्णता जाते. मागे 40 लिटरची टाकी आणि 12 व्होल्टचा डायफ्राम पंप.

बॅटरीवर पाणी तापवायची कॉइल का नाही लावली, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मिनिटाला 4 लिटर पाणी 22 अंशांवरून 40 वर न्यायचं तर साधारण 5 किलोवॉट लागतात. 12 व्होल्टवर ते 400 अँपिअरच्या वर जातं. डिझेल इंजिन तेवढी उष्णता रेडिएटरमधून रोज वाऱ्यावर सोडतं, तीच वापरायची.

जोडणीत दोन आठवडे गेले ते आट्यांपायी. एक्स्चेंजर ऑनलाइन मागवला, विकणाऱ्यानं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे पाइपचे आटे सांगितले होते. अर्धा इंची फिटिंग दोन-तीन फेरे छान फिरलं, मग अडकलं. टेफ्लॉन कितीही गुंडाळा, थेंब थांबेना. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांनी गेज लावून सांगितलं, "मालक, हे एनपीटी हाय. आटे इंचाला 14 च, पण कोन निराळा." बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा, म्हणजे अमेरिकन मापाचा, 60. म्हणूनच सुरुवातीला फसगत होते. मामांनी पितळी ॲडॉप्टर कातून दिले, तेव्हापासून एक थेंब नाही.

कूलंट भरल्यावर हवा काढायला विसरू नका. इंजिन थंड असताना गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरलं. तरी दुसऱ्या दिवशी पातळी उतरलीच, पुन्हा भरावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. गरम पाणी पहिल्याच दिवशी आलं होतं. गाडी उभी, इंजिन नुसतं चालू (आयडलिंग), तरी 22 अंशांचं पाणी 58 वर. पण पंप बंद करून साबण लावेपर्यंत एक्स्चेंजरमध्ये अडकलेलं पाणी कूलंटइतकं तापतं, आणि पुन्हा पंप लावला की पहिला फवारा तोच. माझ्या मनगटावर आला, चटका बसला. 60 अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत कातडी भाजते. लहान मूल खाली उभं असतं तर? त्या दिवशी सगळं काम थांबवलं.

आईनं ऐकलं आणि म्हणाली, "बंबाचं पाणी कधी तसंच अंगावर घेतलंस का? आधी विसण घालतोस ना?" विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं थंड पाणी. तेच करायचं होतं. पंपानंतर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून थंड पाण्याची वेगळी लाइन काढली आणि दोन्ही लाइनी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये आणल्या; तो गरम-थंड आपोआप मिसळून ठरवलेलं तापमान राखतो. व्हॉल्व्ह 40 वर लावला. दोन्हीकडचा दाब एकाच पंपाचा, त्यामुळे व्हॉल्व्हला सोपं जातं.

तरीही पाणी कोमट-कडक-कोमट होत होतं. दोष व्हॉल्व्हचा नव्हता. शॉवरचं तोंड बारीक, म्हणून दाब चढून प्रेशर स्विच पंप सारखा चालू-बंद करत होता. पंपापुढे दाबाचे चढउतार झेलणारी छोटी टाकी, म्हणजे ॲक्युम्युलेटर, लावला आणि शॉवरहेड मोकळं घेतलं, मिनिटाला साडेचार लिटरचं. धडधड थांबली.

विसणाचा आणखी एक फायदा झाला. आधी सगळं पाणी एक्स्चेंजरमधून जायचं, इंजिन थंड पडायचं आणि पाचव्या मिनिटाला 58 चे 46 व्हायचे. आता निम्मंच पाणी आतून जातं, निम्मं बाहेरून येऊन मिसळतं. रविवारी शेवटपर्यंत 39-41.

ही लाइन प्यायच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी ठेवा, चूळसुद्धा भरू नका. पत्रा फुटला तर कूलंटमधलं ग्लायकोल पाण्यात उतरतं आणि ते विष आहे.

बोअरच्या पाण्याचा क्षार हा आपल्याकडचा खरा शत्रू. पट्ट्यांमधली फट जेमतेम दोन मिलिमीटर. पंपाआधी जाळी आहेच, शिवाय प्रत्येक मोठ्या फेरीनंतर लिंबूसत्वाचं पाणी फिरवणार आहे.

बाकीच्या चाचण्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीत उरकायच्यात. मार्चनंतर सोलापुरात टाकीतलं पाणी उन्हानंच तापतं, मग कसली परीक्षा. खडकाळ वाटेवर अर्धी भरलेली टाकी फार हिंदकळते, ते थोपवायला आत भोकं पाडलेले आडवे पत्रे लावायचेत. कुणी स्टीलच्या टाकीत लावले असतील तर पत्र्याची जाडी आणि भोकांचं माप कळवा. मामा शुक्रवारी मोकळे आहेत.